रद्द नाही, पण नाही

माझ्या पहिल्या संशोधन-प्रस्तावाच्या शीर्षकात न्याय, नीती, सत्ता आणि कायदा हे चारही शब्द होते. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, तो वाचला आणि पेन्सिलने एकेक शब्द खोडत गेल्या. शेवटी 'कायदा' उरला. त्याच्याकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "हाही मोठाच आहे गं."

मला राग आला. चार वर्षं ज्युनिअर वकील म्हणून तारखा घेतल्या होत्या, फायली लावल्या होत्या, सिनिअरच्या मागे गप्प उभी राहिले होते. कायद्याच्या तत्त्वज्ञानात पीएचडी करायची ती मोठ्या प्रश्नांशी दोन हात करायला, असा माझा हिशेब होता. पुढचे आठ महिने मी प्रस्ताव लिहीत राहिले आणि मॅडम परत करत राहिल्या. प्रत्येक वेळी त्या एकच विचारायच्या, "हा प्रबंध लिहून झाला, तर कोण चुकीचं ठरेल?" माझ्याकडे उत्तर नसायचं. 'कायदा न्याय्य असावा' असं लिहून जगात कुणीच चुकीचं ठरत नाही.

अखेर वकिलीतला एक जुना प्रसंग आठवला. एका प्रकरणात मला जुन्या कायद्यातलं एक कलम सापडलं होतं. आमच्या अशिलाला ते चांगलंच उपयोगी पडलं असतं, म्हणून मी हरखून सिनिअरना दाखवायला गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोण वापरतं आता? सोडून दे."

"पण सर, रद्द झालंय का?"

"रद्द नाही झालेलं. पण नाहीये."

रद्द नाही, पण नाही. मी हे मॅडमना सांगितलं, तशा त्या पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसल्या. "हां. आता लिही."

तर माझा विषय असा ठरला: कायदेमंडळाने केलेला, कधीच मागे न घेतलेला, पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी न वापरलेला कायदा अजून कायदा असतो का? रोमन कायद्यापासून या स्थितीला एक लॅटिन नाव आहे, देस्वेतुदो. मराठीत रुळलेला शब्द मला सापडला नाही. 'वापर सुटणं' हेच मी मनाशी म्हणत राहिले.

विषय ठरल्यावर काम सोपं होईल असं वाटलं होतं. उलट आता वाचायचं कसं इथपासून सुरुवात झाली. इंग्रज कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांचं 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' हे १९६१ चं पुस्तक या क्षेत्रात सगळ्यांनाच ओलांडावं लागतं. भाषा स्वच्छ, उदाहरणं घरगुती. मी ते चार दिवसांत संपवलं आणि तसं अभिमानाने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "छान. आता आठवड्याला चार पानं. आणि त्या चार पानांत तो काय म्हणत *नाही*, ते लिहून आण."

हे काम वरवर विचित्र वाटतं, पण त्याने माझी वाचायची पद्धतच मोडली. हार्ट एका ठिकाणी बंदूकधाऱ्याचं उदाहरण घेतात. कुणी बंदूक रोखून पैसे मागितले आणि तुम्ही दिलेत, तर तुम्हाला ते देणं भाग पडलं असं म्हणता येईल, पण ते देण्याचं तुमच्यावर बंधन होतं असं म्हणता येणार नाही. इंग्रजीत ही दोन वाक्यं इतकी सारखी दिसतात की त्यांतला फरक हार्टना पानंच्या पानं उकलून दाखवावा लागतो. मी तो मराठीत लिहून बघितला: 'पैसे द्यावे लागले' आणि 'पैसे द्यायला हवे होते'. आपल्या क्रियापदांनी हा निवाडा आधीच करून ठेवलेला! जॉन ऑस्टिन यांनी १८३२ मध्ये कायद्याची व्याख्या 'सार्वभौमाची आज्ञा, शिक्षेच्या धमकीसह' अशी केली होती. तिच्यातून सगळी 'लागले'ची वाक्यं निघतात, 'हवे होते'चं एकही निघत नाही, एवढं मला त्या संध्याकाळी कळलं. मराठी दर वेळी अशी मदतीला येते असं नाही. 'पाहिजे' हा शब्द घ्या. 'त्याला शिक्षा झाली पाहिजे' यात नियम आहे, इच्छा आहे की अंदाज, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात 'पाहिजे' जिथे जिथे होतं, तिथे तिथे नंतर भोक सापडलं.

वकिलीची सवय सुटायला मात्र वर्ष-दीड वर्ष गेलं. कोर्टात आपली कमकुवत बाजू झाकायची असते, आणि ती उघडी पाडायला समोरचा पगारी माणूस असतोच. इथे समोर कोणी नसतं. आपल्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप आपणच शोधायचा, त्याला जमेल तेवढं बळ द्यायचं आणि मग उत्तर द्यायचं. माझ्या पहिल्या प्रकरणावर मॅडमचा शेरा होता: "तू हार्टला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं केलंयस. तो म्हणाला म्हणून खरं, असं इथे नसतं." मी खरंच तेच केलं होतं. कोर्टात वरच्या न्यायालयाचा निवाडा दाखवला की वाद मिटतो. तत्त्वज्ञानात थोरामोठ्याचं वाक्य दाखवलं की वाद तिथून सुरू होतो.

लोकांना हे समजावणं हा वेगळाच उद्योग. सोबतचे संशोधक कुणी प्रयोगशाळेत, कुणी गावोगाव प्रश्नावल्या घेऊन फिरणारे. प्रगती अहवालाच्या छापील फॉर्मवर 'गोळा केलेली माहिती' असा रकाना असायचा. त्यात मी दर सहा महिन्यांनी 'लागू नाही' लिहायचे, आणि दर सहा महिन्यांनी समितीतले एक सर विचारायचे, "म्हणजे नक्की काय केलंत?" वाचलं, लिहिलं, खोडलं. एका सहामाहीत मी नव्वद पानं लिहून सत्तर टाकली होती. ती प्रगती होती हे त्यांना पटवणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पटलेलं नव्हतं.

त्या कोरड्या दिवसांत मला एका खटल्याने सावरलं. ॲशफर्ड विरुद्ध थॉर्नटन, इंग्लंड, १८१८. अब्राहम थॉर्नटनवर मेरी ॲशफर्ड या तरुणीच्या खुनाचा आरोप होता आणि १८१७ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं होतं. मग तिच्या भावाने एका मध्ययुगीन तरतुदीचा आधार घेऊन त्याला पुन्हा न्यायालयात खेचलं. थॉर्नटनच्या वकिलांनी तशीच एक जुनी तरतूद बाहेर काढली: आरोपीला द्वंद्वयुद्धाने आपलं निर्दोषत्व सिद्ध करण्याचा हक्क. थॉर्नटनने भर न्यायालयात हातमोजा खाली फेकला. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कुणी असं केलं नव्हतं. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांना हे रुचलं असेल असं मुळीच वाटत नाही, पण त्यांनी सांगितलं की कायदा द्वंद्वाच्या बाजूने आहे, आणि कायदा आम्हाला हवा तसा नव्हे, आहे तसा सांगणं आमचं काम आहे. भाऊ लढायला उतरला नाही, थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, पार्लमेंटने घाईघाईने ही पद्धत रद्द केली.

म्हणजे माझ्या सिनिअरचं वाक्य एलनबरोंपुढे टिकलं नसतं. त्यांच्या लेखी रद्द नाही म्हणजे आहेच. स्कॉटलंडमध्ये हेच चित्र उलटं. १७०७ च्या एकीकरणापूर्वीच्या स्कॉटिश पार्लमेंटचे कायदे वापर सुटल्याने मरू शकतात, असं तिथली न्यायालयं मानतात. एकाच बेटावर शेजारी शेजारी कायद्याच्या मरणाच्या दोन तऱ्हा.

आता सिद्धान्ताकडे. ऑस्ट्रियन कायदेतत्त्वज्ञ हान्स केल्सन म्हणतात की कधीच पाळला न जाणारा आणि कधीच लागू न केला जाणारा नियम आपली वैधता गमावतो. परिणामकारकता ही वैधतेची अट आहे, कारण मात्र नाही. या एका वाक्यासाठी मी जर्मन शिकायला घेतलं. वैधतेला 'गेल्टुंग', परिणामकारकतेला 'विर्कझामकाइट', एवढे दोन शब्द नीट हाताळता येण्यासाठी दीड वर्ष पहाटे उठले. जर्मनमध्ये 'गेझेट्झ' म्हणजे केलेला, लिहिलेला कायदा आणि 'रेख्ट' म्हणजे कायद्याची सगळी व्यवस्था, शिवाय हक्कही. आपण दोन्हीला 'कायदा' म्हणतो. सिनिअरच्या वाक्यातलं कोडं अर्धं इथेच सुटतं: गेझेट्झ आहे, रेख्टमध्ये आता नाही. अर्धंच, कारण 'नाही' हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

माझा युक्तिवाद तिसऱ्या वर्षापर्यंत असा उभा राहिला होता: हार्ट यांच्या सिद्धान्तात वापर सुटलेल्या कायद्याला जागाच नाही, तेव्हा तो अपुरा आहे. 'कोण चुकीचं ठरेल?' या प्रश्नाला अखेर माझ्याकडे उत्तर होतं. हार्ट! दीडशे पानं झाली होती. मग एका रात्री तळटीप तपासायला सहावं प्रकरण उघडलं. पहिली पाच प्रकरणं मी मुंगीच्या पावलांनी वाचली होती. सहाव्याला मात्र 'आता पद्धत कळली' म्हणून घाई केली होती. तिथे हार्ट सरळ सांगतात की एखाद्या नियमाची वैधता आणि त्याची परिणामकारकता यांचा अनिवार्य संबंध नाही, मात्र त्या व्यवस्थेच्या मान्यतेच्या नियमातच, म्हणजे कायदा कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या मूळ नियमातच, तशी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. वापर सुटलेला नियम बाद धरायचा, अशी तरतूद. तिला नावही आहे.

माझी दीडशे पानं त्यांनी १९६१ मध्येच दोन ओळींत निकालात काढली होती.

मी तीन आठवडे मॅडमना भेटले नाही. पुस्तक उलटं ठेवलं होतं, पाठीवरचं नावही दिसू नये म्हणून. शेवटी गेले आणि पान दाखवलं. त्यांना ती ओळ आधीच माहीत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "तुम्ही सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू एक तळटीप टाकून पुढे गेली असतीस." मला हे अजूनही पूर्ण मान्य नाही. दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष. कुणाच्या आयुष्यातलं एवढं शिकवणीसाठी खर्ची घालावं का, यावर आमचं आजही एकमत होत नाही. (त्यांचं म्हणणं, फार तर नऊ महिने गेले.)

पण त्या ओळीशी झटताना तिच्यातली फट दिसली. हार्ट यांच्या मते मान्यतेचा नियम कुठे लिहिलेला नसतो. न्यायाधीश आणि अधिकारी कायदा ओळखताना जे निकष प्रत्यक्ष वापरतात, त्या वागण्यातच तो असतो. मग सगळेच अधिकारी एखाद्या कायद्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळेझाक करत असतील, तर 'वापर सुटला की बाद' ही तरतूद त्यांच्या मान्यतेच्या नियमात शिरली आहे, की ते निव्वळ आपल्या कर्तव्यात कसूर करत आहेत? दोन्हींत बाहेरून दिसणारं वागणं एकच. हार्टच सिग्नलचं उदाहरण देतात: लाल दिवा लागला की गाड्या थांबतात एवढंच बाहेरचा निरीक्षक टिपतो, आतल्या माणसाला मात्र तो थांबण्याचा संकेत असतो. हे गाड्या थांबण्याबद्दल झालं. मला प्रश्न पडला होता तो काहीच न घडण्याबद्दल. न वागण्याला आतली बाजू कशी असेल?

मग न वापरण्याचेही प्रकार दिसू लागले. थॉर्नटनची तरतूद पडून होती, कारण तसा प्रसंगच कुणी आणला नव्हता. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याची गोष्ट वेगळी. तिथे संततिनियमनाची साधनं वापरण्यावर १८७९ पासून बंदी होती, आणि तिच्याखाली खटले जवळजवळ झालेच नव्हते. १९६१ मध्ये हा कायदा आव्हानासाठी सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा न्यायालयाने तो प्रश्न हाती घ्यायला नकार दिला, कारण खटला भरला जाण्याची खरी भीतीच दिसत नव्हती. त्याच वर्षी तिथे सल्लाकेंद्र उघडलं गेलं, आणि ते चालवणाऱ्यांना याच 'झोपलेल्या' कायद्याखाली अटक झाली. १९६५ मध्ये तो अखेर रद्दबातल ठरला. म्हणजे इथे कायदा मेलेला नव्हता, खिशात होता. केव्हा, कुणाविरुद्ध काढायचा, हे खिसा ज्याचा त्याच्या मर्जीवर. अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी १९६४ मध्ये कायद्याच्या आठ अटी मांडल्या. त्यांतली शेवटची, जाहीर केलेला नियम आणि अधिकाऱ्यांचं वागणं यांचा मेळ हवा ही, मला या खटल्याशेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा नीट समजली. तोवर ती मला सुविचारासारखी वाटत असे.

वाट सापडली ती भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या एका निकालात, तीही जकातीच्या वादात. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख मला कधी दिसला नव्हता. मी तो वकिलीच्या सवयीने शोधला, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. न्यायालय म्हणतं की वापर सुटल्याने कायदा लोप पावतो हे तत्त्व आपल्याकडे लागू करायला हरकत नाही, पण दोन गोष्टी दिसायला हव्यात: दीर्घकाळ न वापरणं, आणि त्याच्या उलट प्रथा काही काळ चालू असणं. नुसती शांतता पुरत नाही, तिच्याजागी दुसरं काही उभं राहिलेलं हवं.

यावरून मी माझी कसोटी बांधली. वर्षं मोजू नका. असं विचारा की उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हा कायदा उचलून वापरला, तर बाकीचे अधिकारी काय म्हणतील? 'हे काय नवीनच?' म्हणून भुवया उंचावतील, की 'तू चुकलास' म्हणतील? पहिल्यात नुसतं आश्चर्य आहे, कायदा जिवंत आहे. दुसऱ्यात टीका आहे, आणि हार्ट यांच्याच मते अशी टीका हीच नियमाच्या आतल्या बाजूची खूण. एलनबरोंच्या न्यायालयात आश्चर्य भरपूर होतं, टीकेची जागा रिकामी होती. म्हणून द्वंद्व जिवंत ठरलं. मग हार्ट चुकीचे ठरले का? नाही. त्यांच्या दोन ओळींत ठेवलेल्या पेटीचं झाकण मी उघडून दाखवलं, एवढंच. मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षांनी असं निघालं की चुकीची ठरले ती मुख्यतः मी.

लिहिण्याचे शेवटचे दहा महिने भराभर गेले. फॉर्म, शुल्क, समानता-तपासणी (मजकूर कुठून उचललेला नाही ना, याची), प्रतींची बांधणी, सादरीकरण. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त समानता-तपासणीत माझंच तीन वर्षांपूर्वीचं परिषदेतलं टिपण माझ्याविरुद्ध सापडलं आणि त्याचा खुलासा लिहावा लागला.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध बारकाईने वाचला होता, हे पानांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून कळत होतं. पहिला पाऊण तास मी बरी होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचे अधिकारी म्हणतात, 'तू चुकलास.' ही टीका कायद्याची आहे की नीतीची? तुम्ही कशावरून ओळखता?"

मी पाण्याचा घोट घेतला. प्रश्न कुठून येतोय हे दिसत होतं. १८८९ च्या रिग्ज विरुद्ध पामर खटल्यात नातवाने मृत्युपत्रातला वाटा मिळावा म्हणून आजोबांना विष घातलं होतं, आणि मृत्युपत्राच्या कायद्यात त्याला अडवणारं काहीच नव्हतं. तरी न्यू यॉर्कच्या न्यायालयाने वाटा नाकारला: आपल्याच दुष्कृत्याचा फायदा कुणाला मिळू नये. याच खटल्याच्या जोरावर अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९६७ मध्ये हार्टना घेरलं होतं. हे तत्त्व कायद्याच्या आतलं असेल, तर कायदा आणि नीती यांच्यामधली भिंत कुठे गेली? माझी कसोटी त्याच भिंतीला टेकून उभी होती आणि मी भिंत तपासलीच नव्हती. मी म्हणाले की त्या टीकेमागे अधिकारी कोणती कारणं देतात ते बघावं लागेल. 'सगळ्या न्यायालयांची रीत अशी आहे' असं म्हणत असतील तर ती कायद्याची, 'हे अन्यायाचं आहे' म्हणत असतील तर नीतीची. परीक्षक म्हणाले, "आणि दोन्ही एकाच श्वासात म्हणत असतील तर?"

वकील असते तर काहीतरी बोलले असते. मी म्हणाले, "मग मला माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि पुढची चिठ्ठी काढली. बाहेर आल्यावर मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "तेवढं एकच उत्तर मला मनापासून आवडलं." निकाल आला: दुरुस्त्यांसह मान्य. चौथ्या प्रकरणातला तो भाग पुन्हा लिहायचा, मुदत तीन महिने.

चार पानांच्या जागी अकरा झाली. त्यात मी दोन्ही एका श्वासात म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला सामावून घ्यायचा प्रयत्न केला आहे. दुरुस्त्या स्वीकारल्याची एका ओळीची मेल आली. त्या अकरांपैकी आठवं पान मला अजून पटत नाही, तिथे एका 'पाहिजे'वर सगळा भार आहे. मध्यंतरी सिनिअर भेटले. प्रबंध कशावर, म्हणून विचारलं. त्यांचंच वाक्य आहे, मी सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. म्हणाले, "बरं, मग ते कलम चालतं की नाही?"